कारखान्याचे वर्ष आणि सरकारचे पंचांग

अनंत चतुर्दशी उलटली की महाराष्ट्राचा गणेशोत्सव संपतो. पेणचा मात्र त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतो. साचे धुऊन-पुसून पुन्हा मांडले जातात, मालाची आगाऊ मागणी नोंदविली जाते, कर्जाच्या जुन्या खात्यात नवी रक्कम चढते आणि दिवाळीच्या सुमारास पुढल्या भाद्रपदाच्या मूर्ती साच्यांतून बाहेर पडू लागतात. पेण शहराच्या आळ्यांतून, तसेच हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांतून हिवाळाभर हे काम चालते. परदेशी जाणारा माल उन्हाळ्यापूर्वी किंवा उन्हाळ्यात बोटीवर चढावा लागतो. रंग न दिलेल्या कच्च्या मूर्ती दूरदूरचे व्यापारी त्याच सुमारास उचलतात. आणि पावसाची झड लागण्यापूर्वी रंगकामाचा मोठा भाग उरकावा लागतो. श्रावणात उरते ती डोळ्यांची आखणी, किरकोळ दुरुस्ती आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हा उद्योग विलक्षण आहे. त्याचे उत्पादन जवळजवळ वर्षभर चालते आणि किरकोळ विक्री मात्र वर्षातील मोजक्या दिवसांत होते. त्या दिवसांत न विकलेल्या मूर्तीला पुढले अकरा महिने गिऱ्हाईक नसते. पण तिच्यात गुंतलेल्या पैशावरचे व्याज चालूच राहते. अशा उद्योगाला भाव थोडा कमी मिळाला तरी चालते, मजुरी थोडी वाढली तरी तो तग धरतो. त्याला सोसत नाही ती एकच गोष्ट : काम अर्ध्यावर असताना बदललेला नियम. आणि गेल्या काही वर्षांत नेमके तेच त्याच्या वाट्याला आले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा लेख प्लास्टर ऑफ पॅरिसची वकिली करण्यासाठी लिहिलेला नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जे दृश्य दिसते, ते पाहून कोणाही भाविकाची मान खाली जावी. प्रश्न आहे तो नदी आणि समुद्र स्वच्छ ठेवण्याची किंमत कोणी द्यायची, आणि ती द्यावी लागणार हे त्याला केव्हा सांगायचे, हा.

मातीची जागा प्लास्टरने का घेतली?

पेणच्या जुन्या मूर्ती शाडूच्या. ही माती पेणच्या परिसरातली, असा अनेकांचा समज असतो; वास्तविक ती गुजरातेतून येते. शाडूची मूर्ती जड असते, सावकाश सुकते, सुकताना तडकते आणि प्रवासात हात-कान मोडून घेते. पावसाळी हवेत तिला वाळविणे ही तर एक तपश्चर्याच. त्यामुळे एका कारागिराच्या हातून हंगामात होणाऱ्या मूर्तींची संख्या मर्यादित राही.

प्लास्टरने ही मर्यादा मोडली. राजस्थानात सापडणारा जिप्सम हा खनिज दगड सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापविला की त्यातील पाण्याचा तीन चतुर्थांश भाग उडून जातो व पांढरी भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी मिसळले की काही मिनिटांतच ती घट्ट होते. साचा, भुकटी, पाणी आणि थोडा काथ्या एवढ्या सामग्रीवर पोकळ, हलकी आणि टणक मूर्ती तयार होऊ लागली. ती ट्रकमधून लांब नेता येऊ लागली, बोटीने परदेशी धाडता येऊ लागली. मुख्य म्हणजे तिच्या ओतकामाला आयुष्यभराची साधना लागत नसे. शहरातील मोजक्या घराण्यांच्या हाती असलेले काम त्यामुळे आजूबाजूच्या गावांत पसरले. ज्यांची जमीन खाऱ्या पाण्याने नापीक झाली, ज्यांना एका भातपिकानंतर काम उरत नव्हते, अशा घरांतल्या माणसांना घराच्या पडवीत रोजगार मिळाला. साच्यातून काढलेली मूर्ती घासणे, तिचे सांधे लिंपणे, अंगाचा पहिला रंग मारणे यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

माझ्या वर्गातही हा उद्योग दरवर्षी हजेरी लावतो. महाविद्यालयाचे वर्ष सुरू होते तेव्हा रंगकाम ऐन भरात असते. दुपारच्या तासाला काही बाके रिकामी दिसतात आणि सकाळच्या तासाला आलेल्या मुलांच्या नखांत सोनेरी रंग असतो. वर्षाची फी त्या रंगातून निघते, हे ठाऊक असल्यामुळे हजेरीपटावर लाल रेघ मारताना हात अडखळतो. या मुलांना भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही. प्लास्टरची धूळ नाकातोंडात जाते, तिची नोंद कोठल्याही दप्तरात होत नाही. तेव्हा प्लास्टरने रोजगार दिला हे जितके खरे, तितकेच तो रोजगार असुरक्षित आहे, हेही खरे.

विज्ञान काय सांगते?

या वादात दोन्ही बाजू विज्ञानाचे नाव घेतात, म्हणून विज्ञान नेमके काय म्हणते ते पाहणे आवश्यक आहे. जिप्सम हे विष नव्हे. चोपण जमीन सुधारण्यासाठी शेतकरी तो शेतात टाकतात. मोडलेले हाड सांधण्यासाठी डॉक्टर त्याचेच प्लास्टर घालतात. परंतु तो पाण्यात फार सावकाश विरघळतो. एका लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, एवढीच त्याची मजल. साहजिकच तळ्यात बुडविलेली प्लास्टरची मूर्ती दिवसेन्‌दिवस तशीच पडून राहते. एकाच लहान जलाशयात हजारो मूर्ती गेल्या की तळाशी थर साचतो, पाण्याचा जडपणा वाढतो आणि तळाशी राहणाऱ्या जीवांचे जगणे कठीण होते.

शाडू पाण्यात विरघळते असे आपण म्हणतो, तेही काटेकोरपणे खरे नाही. ती विस्कटते आणि गाळ होऊन खाली बसते. म्हणजे लहान तळ्याला शाडूचाही भार होतोच. मात्र तो गाळ काढता येतो, इतकेच नव्हे तर त्या मातीची पुन्हा मूर्ती घडविता येते. पुण्यात ‘पुनरावर्तन’ या नावाने विसर्जनानंतरची शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचा उपक्रम चालतो, तो याच गुणावर आधारलेला आहे.

खरा विषार असतो तो बहुधा रंगात. शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांसारखे जड धातू असलेले रंग प्लास्टरवर चढविले काय आणि शाडूवर चढविले काय, पाण्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. असे असूनही सगळी चर्चा मूर्ती कशाची यावर होते; ती कशाने रंगविली यावर क्वचितच होते. कारण उघड आहे. प्लास्टर डोळ्यांना दिसते, जड धातू प्रयोगशाळेतच दिसतात.

विज्ञानाने बंदीखेरीज दुसरा मार्गही दाखविला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरगुती मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विसर्जित करण्याची पद्धत पुढे आणली. तीत जिप्समचे रूपांतर खडूसारख्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये होते आणि उरलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत मिळते. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये नागरिकांना हे रसायन पुरविलेही. मोठ्या मूर्तींना हा उपाय पुरा पडणार नाही, हे खरे. पण पेणच्या मालाचा फार मोठा भाग घरगुती मूर्तींचाच असतो.

तारखांचा हिशेब

आता तारखांकडे वळू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २०१० मध्ये काढली. १२ मे २०२० रोजी ती सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना बंदी करण्यात आली. त्या वर्षीची गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. म्हणजे कारखान्याचे जवळजवळ सगळे काम झालेले असताना, सणाला १०२ दिवस उरले असता, मूर्तिकाराला सांगण्यात आले की तुझ्या पडवीत जे रचून ठेवले आहे ते विकता येणार नाही. ओरड झाली, त्याच महिन्यात ही बंदी एक वर्ष लांबविल्याचे जाहीर झाले. ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावरून गेले आणि जुलैमध्ये साथीमुळे राज्य सरकारने सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची व घरगुती मूर्तींना दोन फुटांची मर्यादा घातली. वादळ कोणाच्या हातचे नव्हते, साथही नव्हती. पण नियमाची तारीख माणसांच्या हातची होती.

त्यानंतरच्या काळात काय घडले? बंदी कागदावर राहिली आणि साचे चालू राहिले. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २०२० च्या तत्त्वांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला. माघी गणेश जयंती १ फेब्रुवारीला होती. मुंबईतील काही मंडळांच्या मूर्ती त्यामुळे विसर्जनावाचून कित्येक महिने झाकून ठेवाव्या लागल्या. पुढे राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने, ज्याचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते, तज्ज्ञांकरवी या प्रश्नाचा विचार केला. ९ जूनला न्यायालयाने मूर्ती बनविण्यास मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयात विसर्जन करण्यास नाही. २४ जुलैला, मार्च २०२६ पर्यंतच्या सणांसाठी, सहा फुटांहून उंच मूर्तींना नैसर्गिक जलाशयाची वाट खुली झाली आणि त्याहून लहान मूर्तींनी कृत्रिम तलावात जावे असे ठरले. त्या वर्षीची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. उत्पादनाला परवानगी आहे की नाही, हे सणाच्या ७९ दिवस आधी कळले. विसर्जन कोठे होणार, हे ३४ दिवस आधी.

याचा दोष न्यायालयाला देता येणार नाही. पाच वर्षांपूर्वीचा नियम पाळला का जात नाही, हा न्यायालयाचा प्रश्न रास्तच होता. दोष आहे तो वाया गेलेल्या त्या पाच वर्षांचा. या काळात शाडूची स्वस्त आणि खात्रीची पुरवठा-व्यवस्था पेणला उभी राहू शकली असती. ओलसर हवेत मूर्ती सुकविण्यासाठी सामाईक शेड उभ्या करता आल्या असत्या. रंगांची तपासणी सुरू करता आली असती. मुंबई महापालिकेने आपल्या मूर्तिकारांना मोफत शाडू दिली, मंडपासाठी जागा दिली, हे स्तुत्य आहे. पण मुंबईच्या देवघरांत बसणाऱ्या मूर्ती जेथून येतात त्या हमरापूर-जोह्याला मुंबई महापालिकेची हद्द पोहोचत नाही.

२४ जुलैच्या व्यवस्थेतील एक विसंगती तर कोणाच्याही ध्यानात यावी. ज्या मूर्तीत प्लास्टर सर्वांत जास्त, तिला समुद्र मोकळा. ज्या मूर्तीत ते सर्वांत कमी, तिला हौद. याला व्यावहारिक कारण आहे, कारण वीस फुटांची मूर्ती हौदात मावत नाही. पण उंच मूर्तीमागे मोठे मंडळ असते, मंडळामागे कार्यकर्ते असतात आणि कार्यकर्त्यांमागे निवडणूक असते, हेही विसरून चालणार नाही. जुलै २०२५ मध्येच सरकारने गणेशोत्सवाला ‘राज्य महोत्सवा’चा दर्जा जाहीर केला. महोत्सव राज्याचा असेल, तर ज्यांच्या हातून त्याचा देव घडतो त्यांच्या हंगामाची जबाबदारीही राज्याने अंशतः तरी घ्यायला हवी.

रोह्याचा दाखला

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की कासू, नागोठणे, निडी ही स्टेशने मागे टाकून तासाभरात आपण कुंडलिकेच्या काठी येतो. प्रदूषणाचा प्रश्न येथेही आहे. पण त्याला शासनाने लावलेली रीत अगदी निराळी आहे. ती तुलनेसाठी पाहण्यासारखी आहे.

रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे आणि तीत प्रामुख्याने रासायनिक कारखाने आहेत. हे कारखाने दूषित पाणी सोडतात म्हणून रसायने बनविण्यावर बंदी घाला, असे कोणी म्हटले नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार त्यांना मंडळाची संमती घ्यावी लागते. सांडपाण्यात आम्लता किती, सेंद्रिय भार किती, तरंगणारे कण किती, याची मर्यादा आकड्यांत ठरलेली आहे. लहान कारखान्यांना स्वतंत्र शुद्धीकरण यंत्रणा परवडत नाही, म्हणून सामाईक प्रक्रिया केंद्राची कल्पना निघाली. १९९१ पासून केंद्र सरकारने अशा केंद्रांना अनुदान देण्याची योजना आखली. धाटावलाही असे केंद्र आहे आणि त्यातून निघणारे पाणी नळाने आरे खुर्दजवळ खाडीत सोडले जाते.

एवढ्याने कुंडलिका निर्मळ झाली, असे मात्र नाही. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातील ५३ प्रदूषित नदीपट्टे होते; त्यांत कुंडलिकेचेही नाव होते. खाडीवर जगणाऱ्या कोळ्यांना विचारले तर ते यादीवाचूनही हेच सांगतील. तेव्हा रोह्याचा आदर्श ठेवा असे मी म्हणत नाही. मी एवढेच दाखवितो की संघटित भांडवलाच्या प्रदूषणाला आपण संमतिपत्र, मानक, मुदत आणि अनुदान देतो. पडवीतल्या कारागिराच्या प्रदूषणाला मात्र आपल्याजवळ दोनच उत्तरे आहेत : एकतर पूर्ण बंदी, नाहीतर पूर्ण दुर्लक्ष. आणि ही दोन्ही उत्तरे एकाच वर्षात, एकामागून एक दिली जातात.

‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आपल्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. परंतु येथे प्रदूषण करणारा कोण? कारखान्यातल्या फळीवर बसलेली मूर्ती कोणतीच नदी बिघडवीत नाही. ती बिघडते विसर्जनाच्या क्षणी, तेही पेणपासून कित्येक कोस दूर. मूर्तीची मागणी करणारा, चकचकीत रंगाचा आग्रह धरणारा, शाडूच्या जड मूर्तीपेक्षा हलकी आणि स्वस्त मूर्ती पसंत करणारा गिऱ्हाईक, म्हणजे तुम्ही आणि मी, या साखळीचे शेवटचे टोक आहोत. किंमत मात्र आपण पहिल्या टोकाला मोजायला लावीत आहोत.

काय करता येईल?

यावरून काही गोष्टी सुचतात. पहिली आणि सर्वांत स्वस्त सुधारणा तारखेची. मूर्ती आणि विसर्जन यासंबंधीचा कोणताही नियम अनंत चतुर्दशीपूर्वी जाहीर व्हावा आणि तो लगेचच्या नव्हे, तर त्यापुढल्या हंगामापासून लागू व्हावा. याला एक पैसा खर्च नाही. फक्त मंत्रालयाच्या भिंतीवर कारखान्याचे वर्ष दाखविणारे एक पंचांग टांगावे लागेल.

दुसरे, बंदीचा आरंभ रंगापासून व्हावा. जड धातू असलेले रंग कोण बनवितो आणि कोण घाऊक विकतो, हे शोधणे शेकडो पडव्या तपासण्यापेक्षा सोपे आहे. तिसरे, लहान घरगुती मूर्तींसाठी शाडूकडे वळण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम ठरावा आणि धाटावच्या सामाईक केंद्राला जे तत्त्व लावले, तेच पेणला लावून मातीचा साठा, सुकविण्याच्या शेड आणि रंगतपासणी यांची सामाईक सोय अनुदानातून व्हावी. चौथे, प्लास्टरच्या मूर्तीवर विक्रीच्या वेळी अल्पसा विसर्जन-आकार घ्यावा आणि त्यातून कृत्रिम तलाव व साचलेल्या प्लास्टरची विल्हेवाट यांचा खर्च भागवावा. मूर्ती जितकी उंच, तितका आकार अधिक. असे झाले तर किंमत मोजणारा आणि प्रदूषण करणारा हे एकच होतील; शिवाय शाडू आणि प्लास्टर यांच्या भावातील तफावतही आपोआप कमी होईल.

यावर एक आक्षेप निश्चित येईल. अशी मुदत दिली की तिचा उपयोग फक्त काळ काढण्यासाठी होतो. २०१० पासून तेच घडले नाही का? आक्षेप खोटा नाही. मूर्तिकारांच्या संघटनांनीही बंदी आली की मोर्चा आणि बंदी लांबली की स्वस्थता, असेच धोरण बहुतांशी ठेवले. परंतु नुसती मुदत आणि कार्यक्रमासह मुदत यांत मोठे अंतर आहे. कोणत्या वर्षी किती उंचीपर्यंतच्या मूर्ती मातीच्या, माती कोठे मिळणार, किती भावाने मिळणार, हे लिहून दिलेली मुदत पाळण्यासाठी असते. ज्या मुदतीत यातले काहीच नसते, ती मोडण्यासाठीच असते, आणि हे शासन व कारागीर दोघांनाही मनातून ठाऊक असते.

ज्यांचे बालपण रोह्यात गेले त्या चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, ते मुंबईच्या प्रश्नावर. महाराष्ट्राने तो त्याग संयुक्त महाराष्ट्राच्या संदर्भात लक्षात ठेवला, आणि ते योग्यच झाले. पण त्यांच्या तक्रारीचा दुसरा भाग आपण विसरलो. निर्णय चुकीचा आहे एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता तो जाहीर केला गेला, यालाही त्यांचा तितकाच आक्षेप होता. निर्णयाचा आशय आणि निर्णयाची रीत या दोन्हींची परीक्षा झाली पाहिजे, हा धडा त्यांनी घालून दिला.

पाणी स्वच्छ राहावे, या निर्णयाचा आशय वादातीत आहे. त्याची रीत मात्र आजवर अशी राहिली की तिचा सगळा भार ज्याची कुवत सर्वांत कमी त्याच्यावर, आणि तोही त्याचे पैसे गुंतून गेल्यावर, पडला. यंदा आपल्या घरी मूर्ती आणताना ती कशाची आहे हे अवश्य विचारावे. ती शाडूची असेल तर चार पैसे जास्त पडतील, ते तक्रार न करता द्यावेत. आणि पुढल्या वर्षीचा नियम कोणता, हे या अनंत चतुर्दशीपूर्वी सांगा, एवढी मागणी आपल्या आमदाराकडे पेणच्या मूर्तिकारांबरोबर आपणही करावी.